जगाच्या वाट्या वाणात गेल्या त्याची हकिकत

श्रीगजाननाचे पायी, सरस्वतीचे वीणेस आणि घरोघरच्या फळीवरील भांड्याकुंड्यांस नमन करून हकिकत सांगितली जाते ऐसी जे: शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सर, पौष मासी संक्रांत समीप आली ते समयी, एका विद्यापीठाचे राज्यात जगातील संस्कृतींचे संग्रहालय नामे एक ठाणे होते, आणि त्याचा कारभार कुमुदबाई चांदवडकर पाहत होत्या. बाई अंगाने किरकोळ, परंतु बोलणे खणखणीत, आणि हाती किल्ल्यांचा जुडगा ऐसा की बाई दिसण्याआधी ऐकू येत. ठाण्यात पृथ्वीवरील नाना देशींच्या वस्तू होत्या, मुखवटे, ढोल, विणलेल्या टोपल्या, बर्फाळ मुलखीचे कातडी जोडे, आणि सर्व काचेच्या कपाटांत बंदोबस्ताने ठेविलेले. उणीव एकच, की पाहावयास कोणी फिरकत नसे. उन्हाळ्यात काही विद्यार्थी गारव्यास येत, ते पंख्याखाली बसून घाम पुसून निघून जात.

मग ऐसे जाहले की परीक्षा खात्याचे नियंत्रक रंगनाथराव दाभोळे यांची दृष्टी त्या ठाण्याच्या दालनावर पडली. त्यांजपाशी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उदंड आणि जागा तोकडी. त्यांनी दरबारी अर्ज केला की, मुखवट्यांस जागा आहे आणि मुलांच्या भवितव्यास नाही, हा न्याय कोणता? कुलगुरूंनी दोहींकडचे ऐकिले आणि कुमुदबाईंस आज्ञा केली की, "बाई, रथसप्तमीस आम्ही जातीने येऊ. दालनात माणसे दिसली तर दालन तुमचे, न दिसली तर दाभोळ्यांचे." बाई मान लववून बाहेर आल्या आणि त्या दिवशी त्यांस जेवण गोड लागले नाही.

तेव्हां त्यांनी जतनाधिकारी माधवराव मुतालिक यांसी खलबत केले. हे मुतालिक सज्जन, परंतु भित्रे. कोणी वस्तूपाशी शिंकला तरी हे फडके घेऊन धावत. बाई बोलिल्या, "माणसं कपाटं बघायला येत नाहीत, मुतालिक. माणसं माणसांकडे येतात. आपण हळदीकुंकू करू." मुतालिक दचकून म्हणाले, "संग्रहालयात? अहो, हळद उडते!" बाई म्हणाल्या, "उडू दे. आणि देशोदेशीच्या वाट्या कपाटातून काढून टेबलावर मांडा. बायकांना वाटी कळते. भाला कशाला कळायला जाईल?" आणि बोलावणे गेले ते समस्त बायकांस गेले, सवाष्ण असो, कुमारिका असो, की नवरा निवर्तलेली असो. ते काळी ही गोष्ट लहान नव्हती. पुष्कळ घरी बोलावणे वाचून सासूने सुनेकडे आणि सुनेने सासूकडे पाहिले.

मग संक्रांतीनंतरचे शुक्रवारी बायका लोटल्या. तेव्हांच्या बायका दुपारी चहा झाला की नेसून, माळून तयार असत, काळी चंद्रकळा, हातात रुमाल, आणि संगे शेजारीण धरून आणलेली. अत्तर लागले, गुलाबपाणी उडाले, तिळगूळ वाटला. आणि तिळगुळाचे परातीपाशीच वाट्यांचे टेबल: कोठली मातीची, कोठली नारळाच्या करवंटीची, कोठली निळी नक्षीदार, आणि दूर समुद्रातील बेटावरची एक काळीभोर लाकडी, काठावर मासा कोरलेली. बाई दारी उभ्या राहून स्वागत करीत होत्या, आणि गर्दी पाहून त्यांचे चित्त ऐसे प्रसन्न की मागे वळून पाहणे राहिले. मुतालिक तर हळदीच्या भयाने मुखवट्यांच्या कपाटांमागे पहारा देत होते.

आता हळदीकुंकवाची रीत जगजाहीर. कुंकू लावावे, तिळगूळ घ्यावा, आणि यजमानिणीने मांडिलेले वाण उचलून घरी न्यावे. एका बाईने निळी वाटी उचलून म्हटले, "संग्रहालयाचं वाण हो, किती निराळं!" आणि पदराखाली घेतली. दुसरीने करवंटी घेतली. तिसरीने नणंदेच्या वाटचे म्हणून विचारिले, तेव्हां चौथी बोलिली, "एकीला एक. हावरटपणा बरा नव्हे." ऐशी शिस्तीने, हसतमुखाने, जाताना "छान झालं हो" म्हणत समस्त वाट्या ठाण्याबाहेर गेल्या. लढाई नाही, आरडाओरड नाही. इतक्या शांततेने कोणते ठाणे रिते झाल्याचे ऐकिवात नाही.

मुतालिक परतले, टेबल पाहिले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, "बाई, वाट्या?" बाईंनी पाहिले, परात पाहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मीच मांडल्या की हो वाणासारख्या!" मुतालिक रडकुंडीस आले, "त्यात आमटी वाढतील! परत मागवा!" तेव्हां बाई म्हणाल्या, "वाण परत मागतात का कुठे? तुमच्या आईला विचारा. एकदा मागितलं की या दारात पुन्हा बाई यायची नाही, मग रथसप्तमीला कुलगुरूंना दाखवू काय, तुम्हांला?" मागावे तर माणसे जातात, न मागावे तर वस्तू जातात, ऐसा दुहेरी पेच पडला.

बाई दोन दिवस विचारात होत्या, मग त्यांस मार्ग सुचला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावी रोज कोठे ना कोठे हळदीकुंकू असतेच. बाई प्रत्येक ठिकाणी जाऊ लागल्या, आणि कुंकू लावून घेतले की सतरंजीवर बसून गोष्ट सांगत. "अहो काकू, ती निळी वाटी आहे ना, ती जिची होती ती वाळवंटात राहायची. पाण्यासाठी कोसभर जायची. आमच्याकडे तिची वाटी लोकांना दाखवायला म्हणून आली होती." एवढेच बोलत, मागत काही नसत. तेव्हां एखादी खजील होऊन म्हणे, "अगंबाई, म्हणजे शेजारणीचं भांडं म्हणायचं!" बाई म्हणत, "तसंच म्हणायचं. लांबची शेजारीण." मग दुसरी विचारी, "आणि माझी करवंटीची?" आणि बाई तीही गोष्ट सांगत. आणि शेजारणीचे भांडे कोणी ठेवून घेत नाही, व रिकामे कोणी परत करीत नाही, हे त्या मुलखात दूधपित्या पोरासही ठाऊक.

मग रथसप्तमीचा दिवस उजाडला. सकाळपासून बायका येऊ लागल्या, आणि हाती वाट्या भरलेल्या. निळ्या वाटीत गूळपोळीचे तुकडे, मातीच्या वाटीत खोबऱ्याच्या वड्या, करवंटीत हलवा. मुतालिक धावले, "तूप! बाई, त्याला तूप लागलंय!" एक काकू म्हणाल्या, "लागू दे हो, घासून देते राखेनं." राख हा शब्द ऐकताच मुतालिक भिंतीस टेकले, तेव्हां त्याच काकूंनी त्यांच्या तोंडात वडी घातली आणि ते बोलावयाचे थांबले. आणि बायका वाटी ठेवून गेल्या नाहीत. प्रत्येक बाई आपल्या वाटीपाशी उभी राहिली आणि संगे आणिलेल्या नवऱ्यास, जावेस, भाडेकरणीस सांगू लागली, "ही माझी. हिची मालकीण वाळवंटातली." तेथून माणसे पुढे सरकली, मुखवटे पाहिले, ढोल पाहिले, कातडी जोडे पाहून "बोचत नसतील?" ऐसा वाद घातला. दालनात पाय ठेवावयास जागा राहिली नाही.

ऐसे समयी कुलगुरू आले, आणि मागे रंगनाथराव. कुलगुरू गर्दी पाहून संतोष पावले. परंतु रंगनाथराव चाणाक्ष. त्यांनी टेबल पाहिले, मध्ये एक जागा मोकळी, समोर पाटी: बेटावरची लाकडी वाटी. ते मोठ्याने म्हणाले, "साहेब, एक वस्तू गायब आहे. ज्यांना वाटी सांभाळता येत नाही त्यांच्या हाती दालन ठेवायचं?" समस्त माना टेबलाकडे वळल्या. कुमुदबाईंचा चेहरा उतरला, कारण ती वाटी कोणी नेली हे त्यांसही कळले नव्हते.

तेव्हां गर्दीतून एक वृद्ध बाई पुढे आल्या, पांढरे पातळ, काठी टेकीत. त्या रंगनाथरावांच्या मातोश्री द्वारकाआजी. त्या म्हणाल्या, "रंगा, ओरडू नको. वाटी आपल्या घरी आहे. सकाळी शेंगदाण्याची चटणी त्यातूनच घेतलीस की, दोनदा."

रंगनाथरावांचा वर्ण पालटला. कोणी एक हसले, मग सगळ्या हसल्या. रंगनाथराव हळूच म्हणाले, "आई, मग परत का नाही आणलीस?" आजी म्हणाल्या, "तुझे वडील गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वाण तर लांबच. या बाईनं बोलावलं. वाटी हातात आली तेव्हा मला माझंच नवल वाटलं." मग कुमुदबाईंकडे वळून बोलिल्या, "शेजारणीचं भांडं परत द्यावं, हे मला कळतं हो. ती कधी आली बेटावरून, तर भरून देईन. नाही आली तर माझ्यामागे रंगा आणून देईल. चालेल?"

मुतालिकांनी तोंड उघडले, परंतु वडी अद्याप तोंडात होती. कुमुदबाईंनी कुलगुरूंकडे पाहिले नाही, मुतालिकांकडे पाहिले नाही, आणि म्हणाल्या, "चालेल, आजी. पण तेल फार नका लावू." आजी म्हणाल्या, "मला शिकवतेस?"

मग कुलगुरूंनी रंगनाथरावांस विचारिले, "दाभोळे, दालनाचं काय करायचं?" रंगनाथराव मातोश्रींकडे पाहून म्हणाले, "साहेब, गठ्ठे कुठेही राहतील."

सारांश, ठाणे राहिले, आणि पुढे दर संक्रांतीस तेथे बायका जमत, आणि तेथे सवाष्ण-विधवा हा भेद कोणी कधी विचारिला नाही. वाट्या काचेआड गेल्या, मुतालिकांनी स्वहस्ते पुसून ठेविल्या. एक जागा मात्र मोकळी ठेविली आहे, आणि तेथे कुमुदबाईंच्या अक्षरात पाटी आहे: "ही वस्तू वापरात आहे." लेखनसीमा.