मेश्रामबाईंची बढती

मेश्रामबाईंकडे रजा मागायला गेलं की त्या आधी अर्ज नाही, हात मागायच्या. आपलं मनगट त्यांच्या बोटांत आणि त्यांचे डोळे छातीवर पिनेने लावलेल्या घड्याळावर. मिनिटभर बोलायची सोय नाही. मग निकाल : "घे वं रजा. पण लिंबूशरबत पेत जाय. नाडी धावून राहिली तुही."

यातून फिनेलवाला सुटला नाही की धोबी सुटला नाही. इतवारीचा कापडवाला तर चादरींचा भाव सांगायला आला आणि जीभ दाखवून गेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात मी नर्स होते. मेश्रामबाई वर्षानुवर्षं आमच्या वॉर्डाच्या सिस्टर, म्हणजे प्रमुख. काम इतकं चांगलं की दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना वॉर्डातून उचललं आणि असिस्टंट मेट्रन केलं. म्हणजे खुर्ची आली, टेबल आलं, कूलर आला आणि पेशंट गेले. आमच्या नोकरीतला न्यायच असा. जिची सुई दुखत नाही, तिच्या हातात ड्यूटी-चार्ट द्यायचा.

बाई राहायच्या त्या इंदोऱ्यात त्यांच्या नवऱ्याने वस्तीभर पेढे वाटले. बाईंनी मात्र परत वॉर्डात पाठवा म्हणून अर्ज केला. साहेब हसले. म्हणाले, "बाई, इथे वर चढायची सोय आहे, उतरायची नाही."

मग बाईंनी आपली वाट काढली. सकाळी साहेबांबरोबर राउंडला यायच्या त्या चादरी बघायला, आणि बघता बघता खाटेवर कधी टेकायच्या कळायचं नाही. एकदा साहेबांचा राउंड पुढच्या वॉर्डात पोचला, तरी बाई आमच्याकडे एका म्हातारीची वेणी घालत बसलेल्या. नव्या सिस्टर मरियम्मा केरळच्या, शिस्तीच्या कडक. त्या म्हणाल्या, "मॅडम, ये मेरा काम है. आप चादर देखो."

बाई उठल्या. चादर पाहिली. "बरी हाय," म्हणाल्या. मला मरियम्मांचा रागही आला नाही, कारण त्यांचं चुकलं नव्हतं. वाईट मात्र फार वाटलं.

एका उन्हाळ्यात आम्ही नर्सेसनी संप केला. आम्ही गेटबाहेर कडुनिंबाखाली घोषणा देतोय आणि आत वॉर्ड सांभाळायला फक्त मेट्रन मंडळी. घोषणा जोरात होत्या, पण डोळे वॉर्डाच्या खिडक्यांकडे होते. इतक्यात आमची आयाबाई हसत बाहेर आली.

"फिकर नका करू वं! मेश्रामबाईनं पदर खोसला हाय. सुया देऊन राहिल्या, पट्ट्या करून राहिल्या, अन् वरून गाणं म्हणून राहिल्या!"

इतक्या वर्षांत बाईंचं गाणं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

सरकार नमलं, संप मिटला. मी सीताबर्डीहून संत्रा बर्फी घेतली आणि धावत वॉर्डात गेले. बाई एका पोरीचे टाके काढत होत्या. शेवटचा टाका निघेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"बाई, जिंकलो आम्ही! आता तुम्ही ऑफिसात बसून आराम करा."

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. हात धुतले. बराच वेळ धुतले.

"सगळं देलं का तुम्हाले?"

"सगळं!"

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तिथेच राहू दिला. "पण इतक्या लवकर काहून मिटवला वं संप तुम्ही?"

मी हसणार होते. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.