शंभर टक्के लसीकरण

हंगामी फ्लूची लस सर्वांनी घ्यावी, असे आमच्या महाविद्यालयाने एकमताने ठरवले आणि लगेच समिती नेमली. मी समितीचा सचिव. सुई पाहिली की मला दरदरून घाम फुटतो. पण निवड सेवाज्येष्ठतेने झाली होती.

शिबिर व्यायामशाळेत भरले. अहवाल बाराच्या आत वर पाठवायचा होता. म्हणून आधी ‘लस घेतली’ या रकान्यात सही आणि नंतर सुई, असा क्रम मीच सुचवला. सही करणाऱ्याला विश्रांतीसाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. साडेदहालाच सह्या आटोपल्या आणि मंडळी विश्रांतीला पांगलीसुद्धा. दंड पुढे करायचे तेवढे राहून गेले.

उरल्या एकट्या ग्रंथपाल बाई. त्यांच्या वडिलांची फुप्फुसे नाजूक होती. घरात कुणी फ्लू आणला तर निभावणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. दवाखान्यांतला साठा संपलेला. सगळा आमच्याकडेच आला होता.

“सिस्टर, टोचा लवकर,” बाई बाही सरकवत म्हणाल्या.

“एका बाटलीत दहा डोस असतात,” नर्स म्हणाली. “दहा माणसं असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणखी नऊ आणा.”

बाईंनी आवार पालथे घातले, कँटीनमधून हाताला धरधरून माणसे आणली. आठ जमली. नववा म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तातडीने रजिस्टर उघडले.

“बाई, या सगळ्यांच्या सह्या आहेत. माझीही आहे. आता टोचलं तर कागदोपत्री दुसरा डोस होईल. एका हंगामात दोन डोस नियमात बसत नाहीत.”

“अहो सर, पण पहिला दिलाय कुठे?”

“सही आहे ना!”

“मग निदान मला तरी द्या. मी कुठे सही केलीये?”

“तुमची मी केली. एकट्या तुमच्यामुळे टक्केवारी नव्व्याण्णववर अडली होती. आभार मानू नका.”

बाईंनी मानलेही नाहीत. रजिस्टरात शिल्लक शून्य होती. भरलेल्या बाटल्या दिसणे बरे नव्हे, म्हणून समितीने त्या आपल्या देखरेखीखाली बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

पंधरवड्याने मला कणकण आली. वर्तमानपत्र चाळायला ग्रंथालयात गेलो आणि बाईंच्या टेबलापाशी तीनदा सणसणीत शिंकलो. आठवड्याच्या आत त्यांच्या वडिलांना रुग्णालयात हलवले. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. तरी समितीने रीतसर चौकशी केली. बाईंनी लस घेतल्याची नोंद असल्याने आजार त्यांच्यामार्फत घरी गेलेला नाही, हे सिद्ध झाले.

काल बाईंच्या वडिलांना भेटायला रुग्णालयात गेलो. खोकला अजून होताच. पण माणुसकी म्हणून काही असते. दाराशी रजिस्टर होते : ‘मी फ्लूची लस घेतली आहे.’ मी सही केली. माझ्यामागे रांगेत तुम्ही उभे होता. पेन तुम्ही माझ्याच हातून घेतलेत.