रिसबूडांची पाणमांजरं

रिसबूड साहेब कोणाच्या घरी गेले की बसायच्या आधी खिशातून काडेपेटी काढत. तिच्यात काड्या नसत. कधी अस्वलाची वाळलेली विष्ठा असे, कधी कोल्ह्याची. "वास घ्या, मग बोलू," म्हणत ते ती यजमानाच्या नाकापुढे धरत. माझ्या सासऱ्यांनी एकदा तपकीर समजून चिमूट उचलली होती. त्यानंतर ते वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत. रिसबूडांचा माझ्यावर एवढा उपकार मात्र आहे.

कारखाना उभा राहण्याआधी तिथल्या जनावरांचं काय होईल ते पाहून अहवाल द्यायचा, अशीही सरकारी नोकरी असते, हे रिसबूड हजर होईपर्यंत शहाद्याच्या आमच्या कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. साल साठच्या आसपासचं. मी त्यांचा टायपिस्ट. ते मोलगीपर्यंतचे डोंगर पायी तुडवत आणि परत आले की मला चाळीस पानं सांगत. वरच्या साहेबांना दोन ओळी पुरत. पूर्ण अहवाल वाचणारा जगात मी एकटाच, तोही नाइलाजाने.

मग लोणखेड्याजवळ गोमाई नदीच्या काठी पुठ्ठ्याचा कारखाना ठरला. त्याचं काळं पाणी जिथे सुटणार होतं त्या डोहात पाणमांजरांचं एक कुटुंब राहत होतं. नवरा, बायको आणि तीन पिल्लं. रिसबूड त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. "सांडपाण्याचा नाला दोन मैल खाली न्या, नाहीतर डोह मेला," असा त्यांनी अहवाल दिला. कारखानदारांना ते फारच जड वाटलं. मुंबईहून तिघांची समिती निघाली.

पाणमांजरं दिसतात पहाटे. समिती आली जेवायच्या वेळेला. आमच्याकडे सरकारी पाहणीचा मुहूर्त ताटावरून ठरतो. गावच्या पाटलांनी आमरस-पुरीचा असा बेत केला की समिती आडवी झाली ती चार वाजता उठली. डोहावर पोचलो तेव्हा पाण्यात फक्त म्हशी होत्या.

"कुठे आहेत तुमची मांजरं?" अध्यक्षांनी विचारलं.

शहाणा माणूस म्हणाला असता, उद्या पहाटे चला. रिसबूडांनी खडकावरची ताजी विष्ठा उचलली, अध्यक्षांच्याच पांढऱ्या रुमालावर फोडली, आतले माशांचे खवले बोटाने दाखवले आणि रुमाल त्यांच्या नाकाशी नेला.

"वास घ्या, मग बोलू."

अध्यक्षांना आमरस आठवला. ते घाईने बाभळीमागे गेले. पाटील माझ्या कानाशी लागले, "हाऊ मानूस याडा शे का भो? आते कारखाना व्हयनाच समज."

व्हायचं तेच झालं, कारखाना मंजूर झाला. 'उल्लेखनीय वन्यप्राणी आढळले नाहीत' हे वाक्य वरून आलं आणि मी ते टाइप केलं, एकही चूक न करता. रिसबूडांनी सही केली नाही. त्यांच्या सहीवाचून कोणाचं अडलंही नाही. पण टाइप मी केलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे ते निवृत्त झाले. पुण्याला गेले असतील, असं आम्ही धरून चाललो. कारखाना सुरू होऊन वर्ष झालं असेल, मी लोणखेड्याला एका लग्नाला गेलो होतो. सकाळी नदीकडे फिरायला निघालो. डोहाचं पाणी डांबरासारखं झालं होतं आणि वासाने डोळे चुरचुरत होते. काठावर रिसबूड बसले होते. तोंडात दोन बोटं घालून ते बारीक, लांब शीळ घालत, मग मान कलती करून ऐकत.

"साहेब, तुम्ही इथे? पुण्याला नाही गेलात?"

"पुण्यात कोण आहे?" ते म्हणाले आणि पुन्हा शीळ घातली. "पिल्लू चुकलं की आई त्याला अशी हाक मारते. श्श... ऐकलंत? पलीकडून उत्तर आलं."

मला कारखान्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"हो साहेब," मी म्हणालो. "आलं."



"खोटं बोलताय," ते म्हणाले, आणि खडकावर थोडे सरकले. "पण बसा."