बापूसोंचे सत्तरीचे गुडघे

मुदतीआधी फंड काढणाऱ्याकडून दंड म्हणून त्याचं म्हातारपण आगाऊ वसूल केलं जातं. साखर कारखान्यातले फिटर बापूसो खराडे यांच्याकडून ते त्रेचाळिसाव्या वर्षी झालं.

थोरले भाऊ आण्णाप्पा यांनी बजावलं होतं, "फंड म्हंजे देवाचा नारळ. मधीच फोडू नगंस." पण बापूसोंची लेक शिवांजली कुस्ती खेळायची, आणि घरात दूध-बदामाचे वांधे होते. वस्तादांनी सांगून टाकलं होतं, "खुराक न्हाई, तर मैदान न्हाई." पोरीच्या उतरलेल्या तोंडापुढे भावाचा शहाणपणा कुठवर टिकणार?

फंडाच्या कचेरीतले साहेब अदबीने बोलले. "म्हातारपणातलं काय भरता?"

"केस घ्या की. समदं."

"केस घेणं बंद केलंय. जो येतो तो केसच देतो. कान चालतील."

बापूसो विचारात पडले. पोरगी जिंकली आणि हलगीच ऐकू आली नाही तर? "कान न्हाई जमणार."

"मग दात?"

"जिंकल्यावर मटण हाय, साहेब."

साहेबांनाही ते पटलं. शेवटी गुडघ्यांवर तडजोड झाली. बापूसो दोन-दोन पायऱ्या चढत आले होते, ते कठडा धरून सत्तरीच्या गुडघ्यांनी उतरले. कारखान्याने त्यांना शिडीऐवजी स्टुलावरचं काम दिलं. घरात बदाम आले.

गावही नियमाला पक्कं. मैदानात पुढच्या खुर्च्या वडीलधाऱ्यांच्या. पंचांनी बापूसोंना एकदा उठबस करायला लावली, गुडघ्यांचा आवाज ऐकला आणि पहिल्या रांगेत मानाने बसवलं. अठ्ठावन्न वर्षांचे आण्णाप्पा, फंड शाबूत असल्यामुळे, मागे उभे राहिले.

शिवांजलीने ढाक डाव टाकून समोरचीला अस्मान दाखवलं. हलगी कडाडली. बापूसोंना उठायचं होतं. दोघांनी काखेत हात घालून उचललं, तेव्हा गुडघे असे वाजले की हलगीवाल्याने वळून पाहिलं. बापूसोंची छाती अभिमानाने फुटायची बाकी होती.

"लई दुखतंय का रं?" आण्णाप्पांनी मागून विचारलं.

"दुखणारच. सरकारी हायती, खोटं न्हाईत."

मातीने माखलेली शिवांजली पाया पडायला वाकली. हात मात्र तिने गुडघ्यांना लावले आणि बराच वेळ तिथेच ठेवले.

ती बाजूला झाल्यावर आण्णाप्पांनी टोपी सारखी केली आणि तेही वाकले. घरात आता ते धाकटे होते.