चिमूटभर तटस्थता

१९८७च्या नोव्हेंबरात, अमेरिकेने इराणच्या मालावर नुकतीच बंदी घातली होती आणि आखातातल्या इराण-इराक युद्धाने अमेरिकेच्या सुरक्षिततेला निर्माण केलेला धोका अखेर सिॲटलच्या बंदरात सापडला. तो हिंगाच्या चार डब्यांत होता.

डबे जगन्नाथकाकांचे. सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या त्यांच्या किराणा दुकानाचा सगळा माल मुंबईहून हाँगकाँगमार्गे आला होता. तो सुटला नाही, तर दुकानाला कुलूप.

“हाँगकाँगमार्गे का?” तटस्थ माल पडताळणी कक्षाच्या साहेबांनी विचारलं.

“स्वस्त पडतं.”

“भारत तटस्थ. हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत, म्हणजे तेही तटस्थ. एक तटस्थ मी समजू शकतो. दोन एकत्र आले की कट असतो. आणि हिंग म्हणजे झाडाचा चीक. तो कुठला?”

“इराणकडचा. नाहीतर अफगाणिस्तानचा. झाडाला सरहद्द कुठे कळते, साहेब?”

“म्हणजे बेकायदा सीमापार वाढ.”

नमुना प्रयोगशाळेत गेला. डबा उघडताच प्रयोगशाळा रिकामी करण्यात आली आणि हिंगाला ‘संशयित खाद्य’ पदावरून ‘संशयित रसायन’ पदावर बढती मिळाली. वास लागल्याने शेजारचे पोहे आणि तूरडाळ सहआरोपी झाले.

“खायची वस्तू ना? मग खाऊन दाखवा.” साहेबांनी चमचा पुढे केला.

“नुसता हिंग कोणी खात नाही हो! तेलात चिमूटभर टाकतात.”

“कोणी खात नाही,” साहेबांनी लिहून घेतलं.

मग सुलभाकाकूंनी कक्षातच शेगडी मांडून फोडणी करून दाखवली. मोहरी तडतडली. ‘स्फोटक गुणधर्म’ ही नोंद साहेबांनी टेबलाखाली बसून केली.

आता एकच मार्ग उरला. ग्राहकांनी येऊन सांगायचं, की हे आम्ही खातो. काका-काकू महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष विक्रम याच्याकडे गेले.

“काका, माझा जॉब डिफेन्सचा. निम्म्या लोकांची ग्रीन कार्डं अडकलीत. कमिटीत डिस्कस केलं. मंडळ न्यूट्रल राहणार.”

“अगोबाई, म्हणजे कटात तिसरा आला,” काकू म्हणाल्या.

“शनिवारी दिवाळीच्या जेवणाला मात्र या हं!” दिवाळी होऊन गेली होती; मंडळाची दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते.

आमटी फक्कड होती. काकांनी भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

“हिंग कुठून आणलास रे, विक्रम?”

“आईच्या बॅगेतून. एअरपोर्टवर विचारलं, फूड आहे का? आई म्हणाली, नो. सगळेच म्हणतात, काका.”

सोमवारी निकाल लागला. साहेबांनी मेहनत घेतली होती. भारतातून आलेल्या ज्या ज्या प्रवाशाच्या बॅगेत हिंग सापडला, त्या प्रत्येकाने सहीनिशी सांगितलं होतं की बॅगेत खायचं काहीही नाही. जाणकारांची इतकी एकमुखी साक्ष कक्षाने पूर्वी पाहिली नव्हती. हिंग हे अन्न नव्हे, हे सिद्ध झालं. माल जाळण्यात आला; दुकानाला कुलूप लागलं.

मंडळाने दुःख व्यक्त केलं, तटस्थपणे.

आमटी मात्र खरंच फक्कड होती. त्या शनिवारी वाटी पुन्हा पुढे करणारे तुम्हीच ना, मंडळी?