साठ मोहिमांच्या साठ चिठ्ठ्या

काचेच्या कपाटात साठ चिठ्ठ्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. शाळेने अक-बेल खिंडीवर नेलेल्या मोहिमाही साठच होत्या: १९६५ ते २०२४, एकही वर्ष न चुकता. तसं सोनेरी अक्षरांत वरच्या फलकावर लिहिलं होतं. याखेरीज कपाटात एक गंजलेला स्टोव्ह, दोन दोर, काटा नसलेलं एक होकायंत्र आणि सात मेलेल्या माश्या होत्या.

अडचण एवढीच होती, की चिठ्ठ्या एकोणसाठ असायला हव्या होत्या.

खिंडीवर दगडांचा ढीग आहे आणि ढिगात पत्र्याचा डबा. वर पोहोचलेल्या तुकडीने डब्यातली आधीच्या वर्षीची चिठ्ठी काढायची, आपली ठेवायची आणि जुनी खाली आणून शाळेत जमा करायची. आमच्या डोंगरांत पुरावा तो हाच. फोटो काय, कुणीही आणतो. म्हणजे साठावी तुकडी एकोणसाठावी चिठ्ठी आणते आणि साठावी वरच राहते. एकसष्टावी तुकडी गेल्याशिवाय ती खाली येणं शक्य नाही.

बिश्केकहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी आठ महिन्यांपूर्वीच शाळेत लागलो होतो. त्यामुळे हे मी हीरकमहोत्सव समितीच्या बैठकीत बोलून दाखवलं. आमच्याकडे बाईंना एजे म्हणतात आणि सरांना आगाय.

"एक जास्तच आहे ना?" मुख्याध्यापिका तोकोन एजे म्हणाल्या. "कमी असती तर बोलायचं होतंस, बाळा."

"पण एजे, ती खाली आली कशी?"

सगळ्यांनी उपमुख्याध्यापिका कालिपा एजेंकडे पाहिलं. कालिपा एजेंनी निळ्या पेनाला टोपण लावलं.

बैठकीनंतर मी कपाट उघडून चिठ्ठ्या वाचल्या. पहिल्या सव्वीस वेगवेगळ्या हातांच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, पाणी लागून फुगलेल्या. १९७३ची अशी होती: "बर्फ. बोलोतचा बूट वाहून गेला. चहा संपला." १९९१पासूनच्या चौतीस मात्र एकाच चौकड्यांच्या वहीतल्या, एकाच निळ्या शाईतल्या, एकाच गोल अक्षरातल्या. प्रत्येकीत वातावरण उत्साहपूर्ण होतं. २०२०च्या वसंतात शाळेला तीन महिने कुलूप होतं. त्या वर्षी बेचाळीस विद्यार्थ्यांनी खांद्याला खांदा लावून खिंड सर केली होती.

कालिपा एजेंनी काहीही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्यांना वाटत नव्हतं.

"ब्याण्णव साली बसला डिझेल नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मोहीम नदीच्या पुलापर्यंत नेली. एक्क्याण्णवची चिठ्ठी वरच राहिली, ती मी लिहून काढली. पुढच्या वर्षी पूल पडला, तेव्हा स्टेडियमपर्यंत. मग स्टेडियमवर मेंढ्यांचा बाजार भरायला लागला, म्हणून व्यायामशाळेत. चाळीस फेऱ्या म्हणजे बावीस किलोमीटर, असं जिल्ह्याने मंजूर करून दिलं होतं."

"आणि आता?"

"व्यायामशाळा गळते. आता वर्गात सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवतो आणि मुलं वहीत सह्या करतात. मोहिमेचा महत्त्वाचा भाग तोच. उरतं ते नुसतं चालणं."

पुढच्या बैठकीत ठराव झाला, की साठावी चिठ्ठी 'आगाऊ प्राप्त' समजावी. ठरावावर सात सह्या झाल्या. मग मी हात वर करून म्हणालो, की यंदाची मोहीम खरोखरच वर नेली तर हिशेब आपोआप जुळेल.

खोलीत कुणी वारा सोडावा तसे सगळे माझ्यापासून थोडे सरकून बसले.

मी हे जमाखर्चासाठी बोललो नव्हतो. नववीच्या माझ्या वर्गात एकतीस मुलं होती. जूननंतर त्यातली निम्मी शहरात कामधंद्याचं शिकायला जाणार होती, आणि ज्या खिंडीखाली ती वाढली तिच्यावर त्यांच्यापैकी एकानेही पाय ठेवला नव्हता. बेगायिम नावाची मुलगी तर जानेवारीपासून दप्तरात सहा किलो बटाटे घालून शाळेत येत होती. पाय तयार करायला.

"आगाय, या वर्षी नाही गेलो तर मी कधीच जाणार नाही," ती मला म्हणाली होती. "मला शिवणकामाला पाठवतायत. तिथे सगळं सपाट आहे."

तोकोन एजेंनी नियमांचं पुस्तक उघडलं. "किमान दहा पालकांची लेखी संमती, शुक्रवारपर्यंत. आणि मोहीमप्रमुखाची सही. आण, बाळा. मी कधी कुणाला अडवलंय का?"

बुधवारी हीरकमहोत्सव झाला. चारशे माणसांचा पुलाव शिजला. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना चापान हा झगा आणि कल्पाक ही टोपी घालण्यात आली. ते स्वतः मधुमेहामुळे जिना चढत नाहीत, तरी त्यांना 'शिखरांचे मित्र' अशी पदवी देण्यात आली. मग पालकांच्या वतीने बेगायिमचे वडील, मायरामबेक, बोलायला उभे राहिले.

"सत्त्याण्णव साली मी अक-बेलवर उभा होतो!" ते छातीवर हात मारून म्हणाले. "काय वारा होता! हाडं गोठत होती. त्या वाऱ्याने मला माणूस केलं!"

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी जुमाश आगाय बसले होते. खेळाचे निवृत्त शिक्षक; खरोखर वर गेलेल्या सत्तावीस मोहिमांपैकी शेवटच्या पंधरा त्यांनी नेल्या होत्या.

"सत्त्याण्णव म्हणजे व्यायामशाळा," ते हाडातला मगज काढत म्हणाले. "पण वारा होता हे खरं. खिडक्यांना काचाच नव्हत्या."

डोळे ओले आहेत तोवरच मी संमतिपत्रं वाटली. पत्रावर दोन ओळी होत्या: 'ही परंपरा अखंड राहावी' आणि 'माझ्या मुलाला न्यावे'. पहिल्या ओळीवर एकतीसच्या एकतीस सह्या चहा यायच्या आत झाल्या.

"दुसरी ओळ राहिली," मी मायरामबेकना म्हणालो.

"त्या दिवशी तिच्या मावशीकडे पाहुणे आहेत."

"मी तारीख अजून सांगितली नाही."

"पाहुण्यांचं काय, येतच असतात. तुम्ही बाकीच्या पोरांना न्या ना! हल्लीची पोरं नुसती मोबाइलवर. न्या, चांगली रगडून काढा!"

एकाच्या मुलाला खोकला होता. एकीच्या मुलीचे बूट नवे होते. एका आईने विचारलं, वर नेट मिळतं का. एका बापाने विचारलं, न जाता नुसतं प्रमाणपत्र मिळतं का, त्याच्या मोठ्याला मिळालं होतं. रात्री मोजलं तेव्हा दुसऱ्या ओळीवर सह्या होत्या दोन.

शुक्रवारी दुपारी बेगायिम माझ्या टेबलापुढे उभी राहिली. तिच्या हातात दहा पत्रं होती. दोन दिवस ती घरोघर फिरली होती. एका घरी तिने मेंढ्यांचा गोठा झाडून काढला, एका घरी बटाट्याचं बी कापून दिलं, आणि स्वतःच्या घरी, बाप सही करेपर्यंत, जेवणच सोडलं. दहाव्या पत्रावर मायरामबेकची सही होती, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.

आम्ही तोकोन एजेंच्या खोलीत गेलो. त्यांनी दहा पत्रं मोजली. कालिपा एजेंनी पुन्हा मोजली. दहाच भरली.

"बरं," तोकोन एजे म्हणाल्या आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. "आता तुझी सही."

कागदावर लिहिलं होतं, की मोहिमेत कोणत्याही विद्यार्थ्यास कोणतीही इजा झाल्यास मोहीमप्रमुख व्यक्तिशः आणि फौजदारी स्वरूपात जबाबदार राहील.

"मी येतो बरोबर," दारातून जुमाश आगाय म्हणाले. "वाट मला झोपेतही सापडते. पण निवृत्ताची सही चालत नाही म्हणे."

मी मनातल्या मनात गणित केलं. सत्तावीस मोहिमा, सुमारे नऊशे विद्यार्थी, एकूण हानी एक बूट. शक्यता अत्यल्प होती. अत्यल्प म्हणजे शून्य नव्हे, हेही मला पदवीला शिकवलं होतं. 'कोणतीही इजा' या शब्दांची व्याख्या कागदावर कुठेच दिलेली नव्हती.

"व्याख्या स्पष्ट नाही," मी म्हणालो. "जिल्ह्याकडून लेखी खुलासा मागवू या."

"आगाय," बेगायिम म्हणाली, "पेन चालत नाही का? माझं घ्या."

तिचं पेन माझ्यासमोर टेबलावर पडून होतं. तोकोन एजेंनी कपात चहा ओतला आणि कप माझ्याकडे सरकवला. इतक्या प्रेमाने त्या माझ्याशी आठ महिन्यांत कधी वागल्या नव्हत्या.

"शिकला गं," त्या कालिपा एजेंना म्हणाल्या.

एकसष्टावी मोहीम चोवीस मे रोजी माझ्याच नेतृत्वाखाली पार पडली. पायथा: शाळेचा तळमजला. माथा: दुसरा मजला, ग्रंथालयाचं दार. एकतीसपैकी तीस विद्यार्थी वर पोहोचले. बेगायिम पायथ्याशीच थांबली. लागलेला वेळ: एक मिनिट पन्नास सेकंद. जखमी: कुणी नाही. चढलेली उंची मी स्वतः मोजली. ती सहा मीटर चाळीस सेंटीमीटर भरली.