अकरा नमुने आणि एक पातेलं

काकांनी कुकरचं झाकण गुपचूप पिशवीत सरकवलं, तेव्हा त्यांची बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. संधी साधली असं काकांना वाटलं. पण लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला पाठीलाही डोळे फुटतात.

"शिट्टी काढून ठेवा," ती न वळता म्हणाली. "आणि रबर. जेवणाच्या आधी परत आणा."

"तुला कसं कळलं?"

"काल दुधाचं पातेलं गेलं, परवा गाळणं. आज काय, मी जायची वाट बघू?"

काका हे काही त्यांचं नाव नव्हे आणि वयामुळेही ते काका झाले नव्हते. लहानपणापासून ते प्रत्येक गोष्टीला "का?" विचारत, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही "का?" विचारत. असे दोन का मिळून त्यांचे काका झाले होते. शर्ट घ्यायचा तरी दुकानदाराला ते सुताचा जन्मापासूनचा इतिहास विचारत. अशा माणसाला त्यांच्या दाजींनी, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, आपल्या कारखान्यात खरेदीला बसवलं होतं. नातं म्हटलं की माणूस असल्या चुका करतोच.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. तिथे गंजलेले, तेलकट, जुना रंग चढलेले धातूचे भाग साफ होत. कपाटाएवढी एक बंद पेटी होती. तिला पुढे काचेची खिडकी आणि आत लोंबणारे दोन जाड रबरी हातमोजे. त्या मोज्यांत हात घालून उस्ताद, म्हणजे तिथले जुने कारागीर, आतली पिचकारी धरत, दाबाच्या हवेबरोबर दाणेदार पावडर सुसाट सुटे आणि धातूवरचा मळ उडवून लावी. पावडर खालच्या नरसाळ्यात पडे, चाळून पुन्हा वापरली जाई. उस्तादांनी पंधरा वर्षं हे काम केलं होतं. फार बोलत नसत. टाकाऊ म्हणून काही असतं, हेच त्यांना मान्य नव्हतं.

गेल्या सोमवारी पंपाच्या एका मोठ्या कंपनीकडून ॲल्युमिनियमचं एक झाकण आलं होतं. वाडग्यासारखं खोलगट, बाजूला दोन कान, आणि त्यावर पिवळ्या रंगाने घातलेला नंबर. हे साफ करून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत दाखवायचं. कंपनीच्या तपासनीसाला पटलं, तर दर महिन्याला अशी चारशे झाकणं.

"हे काम मिळालं नाही तर मी ही पेटी विकणार," दाजींनी सांगून टाकलं होतं. "सहा महिने ती नुसती धूळ खातेय. मग उस्ताद घरी बसतील आणि तू माझ्या डोक्यावर. पावडर कोणती वापरायची ते आपल्यावर सोडलंय त्यांनी. चांगली बघून घे."

'बघून घे' हे शब्द काकांना सांगणं म्हणजे आधीच उत्साही असलेल्या माणसाला ढोल देणं. त्यांनी लगेच फोन उचलला.

"वाळू नको," त्यांनी पहिल्याच विक्रेत्याला बजावलं. "तिची धूळ छातीत बसते. दुसरं काय आहे?"

"काचेचे बारीक मणी आहेत, पोलादी छर्रे आहेत, ॲल्युमिनियम ऑक्साइड आहे. नाजूक कामाला अक्रोडाच्या टरफलाचा भरडा."

"अक्रोडाची टरफलं? का?"

"मऊ असतात ना. मळ निघतो, धातूला ओरखडा येत नाही."

"मग बदामाची का नाही?"

"असतात काहींकडे. जर्दाळूच्या आठळ्यांचाही भरडा मिळतो."

काकांचे डोळे चमकले. "जर्दाळूच्या आठळीत असं काय आहे, जे अक्रोडात नाही?"

विक्रेत्याने प्रश्नच बदलला. "साहेब, तुम्हाला पोती किती हवीत?"

"सध्या एक वाटी पाठवा. नमुना म्हणून."

अशा वाट्या मागता मागता दोन दिवसांत अकरा नमुने जमले. त्यांत मक्याच्या कणसाचा भुगा होता, प्लास्टिकचे कण होते, खायचा सोडाही होता. काकांनी ते टेबलावर ओळीने मांडले, एक ते अकरा आकडे टाकले, भिंगातून पाहिले, चिमटीत चोळले, हुंगले. ऑक्साइडचे कण भिंगाखाली फुटक्या खडीसारखे टोकदार दिसत होते आणि काचेचे मणी इतके गोल, की काका पाच मिनिटं भिंगावरून उठेनात. एवढ्याशा कणाला इतकं गोल कोण करतं, कसं करतं, या विचाराने त्यांना मनापासून आनंद झाला. पण पावडर नुसती पाहून काय कळणार? ती मारून बघायला धातू हवा, आणि कंपनीचं झाकण तर एकच. म्हणून घरची भांडी.

संध्याकाळी कुकरचं झाकण परतलं तेव्हा बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं. कडेचा वीस वर्षांचा काळपट थर गायब होता.

"हे आपलंच?"

"आपलंच. नमुना नंबर चार."

"मग उद्या ती जळकी कढईही न्या," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने ते झाकण शेजारणीला दाखवलं.

इमारतीत बारा घरं होती. प्रत्येक घरात निदान एक तरी भांडं तोंड काळं करून मागच्या फळीवर बसलेलं असतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात पातेली, झाकणं, परात आणि एक पिंप असा जथा उभा होता. काकांना नाही म्हणवेना. शिवाय खरं सांगायचं तर, प्रत्येक भांड्याचा मळ वेगळा होता आणि कोणता मळ कशाने निघतो हे त्यांना बघायचंच होतं. पोतं भरून ते कारखान्यात गेले. उस्तादांनी पोत्यात डोकावून पाहिलं.

"काका, ही पेटी आहे की मोरी?"

"प्रयोग आहे हो. का, तुम्हाला उत्सुकता नाही?"

"मला जेवायची सुट्टी आहे," उस्ताद म्हणाले, पण त्यांनी मोज्यांत हात घातले.

पहिला फटका दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने दिला. "माझा पॅन काळा होता!"

"होता ना! आता बघा कसा पांढराशुभ्र."

"अहो, तो काळाच असतो! ते न चिकटण्याचं अस्तर होतं! आता अंडं त्याला असं चिकटलंय की पॅनसकट खावं लागेल!"

काकांनी माफी मागितली, आणि मग न राहवून अस्तर एकसारखं गेलं का तुकड्यातुकड्यांनी, तेही विचारलं. शिक्षिकेने दार लावून घेतलं.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. या बारा घरांत भांड्यांची ये-जा फार. म्हणून ज्याने त्याने आपापल्या भांड्याच्या बुडाला रंगाने खूण केलेली. कोणाचा लाल ठिपका, कोणाची निळी फुली, कोणाच्या हिरव्या दोन रेघा. पेटीतल्या पावडरीला मळ आणि खूण यांतला फरक कोण शिकवणार? भांडी चकाचक झाली आणि सगळी एका आईची लेकरं दिसू लागली. शुक्रवारी दुपारी हे काकांच्या लक्षात आलं, तेव्हा टेबलावर शेवटची पाच पातेली आणि त्यांच्या शेजारी कंपनीचं झाकण होतं. झाकणावर काकांनी बऱ्याच विचारान्ती नमुना नंबर सात, म्हणजे काचेचे मणी, वापरायला लावले होते. ते चांदण्यासारखं झळकत होतं. त्याचा पिवळा नंबरही अर्थातच उडाला होता.

नेमकी तेव्हाच दाजींना घाई झाली. कंपनीची गाडी दारात उभी होती आणि दाजींचा चष्मा घरी. गोल, ॲल्युमिनियमचं, दोन कानांचं जे हाताला लागलं ते त्यांनी कागदात गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि रवाना केलं. काकांनी उरलेलं न बघताच पोत्यात भरलं आणि घरी येऊन अंदाजपंचे वाटून टाकलं.

शनिवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या. मावशी म्हणजे इमारतीतलं सर्वांत जुनं माणूस, आणि आवाज सर्वांत नवा.

"भोकं पाडलीस रे माझ्या पातेल्याला!"

"मावशी, असं होणार नाही. पावडर धातूला भोक पाडत नाही. फार तर—"

"दूध तापवायला ठेवलं ते सगळं शेगडीत गेलं! मधोमध एक मोठं आणि कडेने चार! सारख्या अंतरावर!"

"सारख्या अंतरावर?" काकांच्या आवाजात कुतूहल आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी पायात चपला सरकवल्या. सारख्या अंतरावर भोकं पाडणारा मळ जगात नाही. बोल्टला मात्र तशीच लागतात.

अर्ध्या तासात काका, दाजी आणि उस्ताद कंपनीच्या तपासणी विभागात होते. काकांच्या हातात दुधाचा वास येणारं खरं झाकण होतं. तपासनीस मात्र शांत बसला होता. टेबलावर पातेलं, आणि पातेल्यावर बारीक सुईचं एक यंत्र.

"साहेब, चूक झाली," दाजी म्हणाले. "ते पातेलं आहे."

"माहीत आहे मला. माझ्याही घरी आहेत."

"मग तुम्ही ते का तपासलंत?" काकांच्या तोंडून निघून गेलंच. दाजींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"कारण फॉर्मात पृष्ठभाग कसा आहे एवढंच विचारलंय. वस्तू काय आहे, हा रकानाच नाही." त्याने खरं झाकण घेतलं, त्यावर सुई फिरवली, बोट फिरवलं आणि मान हलवली. "हे चालणार नाही. गुळगुळीत झालंय, रंग धरणार नाही. आम्हाला पातेल्यासारखं हवं. याला कोणती पावडर वापरलीत?"

काकांनी आयुष्यात हजारो प्रश्न विचारले होते, पण इतकं वाईट वाटायला लावणारा प्रश्न त्यांनी कधी ऐकला नव्हता. मावशींचं पातेलं कोणत्या नमुन्याने साफ केलं, ते त्यांच्या प्रयोगांच्या वहीत नव्हतं. ते शेवटी आलं होतं आणि तोवर नमुने संपले होते. त्यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी घसा खाकरला.

"सगळीच," ते म्हणाले. "एकेक नमुना झाला की उरलेलं मी एका डब्यात ओतत होतो. टाकायचं कशाला? मावशींचं त्या डब्यातलं."

"अकरा पावडरी एकत्र?" तपासनीस पुढे झुकला. "कोणत्या प्रमाणात?"

"जितकी उरली तितकी."

दाजींनी डोळे मिटून घेतले. पेटी विकली गेली, उस्ताद घरी आणि मेहुणा डोक्यावर, हे सगळं त्यांना त्या अंधारात दिसलं असावं. पण तपासनीसाने पातेलं पुन्हा एकदा उजेडात धरलं आणि हसला.

"पन्नास झाकणं त्या डब्यातल्या पावडरीने करून आणा. अशीच निघाली तर काम तुमचं. आणि हे पातेलं आता इथेच राहील."

"का?" काकांनी विचारलं.

"मंजूर नमुना म्हणून. नियमच आहे. सही, शिक्का, काचेच्या कपाटात. पुढचं प्रत्येक झाकण याच्याशी ताडून बघणार."

आठवड्याभरात पन्नास झाकणं झाली. प्रत्येक ताडून पाहिलं गेलं आणि प्रत्येक मंजूर झालं. डब्याचं वजन करून, चाळून, कण वेगळे करून काकांनी प्रमाण काढलं आणि खरेदीची पहिली मोठी यादी स्वतःच्या हाताने लिहिली. पेटी राहिली, उस्ताद राहिले. त्या दिवशी दाजींनी काकांच्या पाठीवर थाप मारली, आणि काकांना ती खरोखर आवडली.

राहिल्या मावशी. नवीन पातेलं त्यांनी घेतलं, पण समाधान होईना. "माझी वस्तू काचेच्या कपाटात आहे म्हणतोस, तर मला दाखव," त्या म्हणाल्या. शेवटी काका त्यांना कंपनीत घेऊन गेले. तपासनीसाने कौतुकाने कुलूप उघडलं. पातेल्याला लाल दोरी बांधली होती, तिच्यावर लाखेचा शिक्का, शेजारी तीन सह्यांचा कागद. मावशींनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, बोटाने काठ चाचपला, आणि बुडाशी नाक नेऊन पुन्हा सरळ झाल्या.

मग त्या काकांच्या कानाशी आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या.

"हे माझं नाही रे. माझ्याचा काठ एका बाजूला चेपलेला होता."

काका जागच्या जागी थिजले. हे मावशींचं नसेल, तर दुसऱ्या कोणाचं तरी. दुसऱ्या कोणाचं असेल, तर ते डब्यातल्या मिसळीने साफ झालेलंच नाही. मग कशाने? कोणत्या नमुन्याने? आणि मग पन्नास झाकणं हुबेहूब तशी निघालीच कशी? एवढे प्रश्न एका वेळी त्यांच्या जिभेवर कधीच आले नव्हते. उजव्या हाताचं बोट तर प्रश्न विचारायला सवयीने वर उठलंही होतं.

"काय म्हणतात आजी?" तपासनीसाने विचारलं.

काकांनी बोट खाली घेतलं आणि खिशात घातलं.

"म्हणतात," काका म्हणाले, "छान ठेवलंय."